रोजच्या वाटेवरचं गुऱ्हाळ जलरंगात: जागा हेरण्यापासून सही करेपर्यंत

कोल्हापुरात दर रविवारी आम्ही काही जण बाहेर बसून रंगवतो. नवीन आलेल्या दहातल्या आठ जणांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आमच्याकडं काढण्यासारखं काही नाही ओ." मग ते पन्हाळ्याला जातात आणि कॅलेंडरवर शंभरदा पाहिलेल्या कोनातून तटबंदी काढून आणतात. घराजवळची जागा काढायला बसवलं की दुसरी अडचण येते. जागा इतकी पाठ झालेली असते की समोर बघायची गरजच वाटत नाही. पत्रा म्हटलं की रेघा, झाड म्हटलं की हिरवा, आकाश म्हटलं की निळा. म्हणजे समोरचं राहतं बाजूला आणि डोक्यातलं कागदावर उतरतं.

सगळा लेख मी एकाच जागेवर बेतला आहे: गावाबाहेरचं, रोज जाता-येता दिसणारं गुऱ्हाळ. पत्र्याची शेड, चिमणी, वाळत टाकलेली चिपाडं (रस काढून उरलेला ऊस), मागं ऊस. तुमच्याकडं गुऱ्हाळ नसेल तर एसटी स्टँड घ्या, विहीर घ्या, कौलारू बोळ घ्या. क्रम तोच राहील. माध्यम जलरंग, कागद पाव आकाराचा, वेळ दोन तास.

## टप्पा १: कागद न घेता तीन फेऱ्या

पहिल्याच दिवशी बोर्ड घेऊन जाऊ नका. आधी तीन फेऱ्या मारा: सकाळी साडेसातला, अकराला आणि संध्याकाळी पाचला. खिशात फक्त छोटी वही. प्रत्येक फेरीत तीनच गोष्टी टिपायच्या: ऊन कुठून येतंय, सगळ्यात मोठा गडद आकार कोणता, सगळ्यात मोठा उजळ आकार कोणता.

गुऱ्हाळापुरतं माझं उत्तर सांगतो. अकराला तिथं काहीच नसतं. पत्रा पांढरा, जमीन पांढरी, सगळं एका पातळीवर येतं. सकाळी मात्र ऊन आडवं येतं आणि चिपाडाच्या ढिगाची एक बाजू साखरेसारखी उजळते, मागं शेडचं तोंड काळंभोर. हा काळ्यावरचा पिवळा दिसला की चित्र सापडलं. चिमणी, बैलगाडी, ऊस हे सगळं त्याच्यामागून येतं.

ऋतूही बघा. डिसेंबरात आपल्याकडं भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ५० अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळं सावल्या अकरापर्यंत बऱ्यापैकी टिकतात. मेच्या पहिल्या आठवड्यात तो कोल्हापुरात दुपारी थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबालाही सावली उरत नाही. अशा दुपारी घरी झोपलेलं बरं.

तपासणी: वहीतल्या नोंदी वाचून "मी नक्की काय काढणार?" हे एका वाक्यात सांगता येतंय का? "गुऱ्हाळ काढणार" हे उत्तर चालणार नाही. "अंधाऱ्या शेडपुढं उन्हातला चिपाडाचा ढीग" हे चालेल.

## टप्पा २: सामान

फार नको. जेवढं सामान जास्त, तेवढा वेळ ते शोधण्यात जातो.

- कागद: ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, शक्यतो कॉटन. २२ × ३० इंचाच्या पूर्ण शीटचे चार तुकडे केले की ११ × १५ इंचाचा एक मिळतो. चारही बाजूंनी टेप लावून तो घरीच बोर्डावर बसवा.
- ब्रश: मोठा गोल, १२ नंबर, मधला गोल, ८ नंबर, एक रिगर (लांब केसांचा, बारीक रेघांचा ब्रश). संपलं.
- रंग: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, लाइट रेड, अलिझरिन क्रिमसन, कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन. काळा आणि पांढरा मुद्दाम घरी ठेवा.
- पाण्याची दोन भांडी, सुती फडकं, छोटा फवारा, २बी पेन्सिल, खोडरबर, बसायला घडीचं स्टूल.
- जुन्या वहीच्या पुठ्ठ्यात ५.५ × ७.५ सेंटिमीटरची खिडकी कापा. हे माप कागदाच्या प्रमाणातच आहे, त्यामुळं खिडकीत दिसेल ते तसंच्या तसं कागदावर बसतं.

ट्यूबमधून रंग घरीच पॅलेटमध्ये काढून ठेवा, तोही वाटाण्याएवढा नव्हे, सुपारीएवढा. जागेवर निम्म्याहून जास्त लोकांचं चित्र मेंगळट होतं ते कंजूषपणे काढलेल्या रंगामुळं. पाणी भरपूर आणि रंग चिमूटभर असेल तर गडद जागा कधी गडद होतच नाही.

इशारा: पावसाळाभर कपाटात राहिलेला कागद तसाच वापरू नका. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब फुगून उभा राहिला तर कागद ठीक. टीपकागदासारखा लगेच आत गेला तर त्याचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, गेलं; त्यावर आकाश घातलंत की ठिपके-ठिपके उठणार. तो रेखाटनाला वापरा.

## टप्पा ३: परवानगी, आणि कुठं बसायचं

गुऱ्हाळ कुणाचं तरी असतं. गेल्या गेल्या मालकाला किंवा गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्याला, विचारा. "मामा, इथं कडंला बसून चित्र काढलं तर चालंल का?" आजवर मला नाही कुणी म्हटलेलं नाही; उलट रस येतो. त्याच वेळी विचारून घ्या की काहील (रस उकळायची मोठी कढई) कधी चढणार आहे आणि आदण (तिच्यातला एका वेळचा रस) कधी उतरणार आहे. काहिलीखालचं चुलवाण पेटलेलं नसेल तर धूर नाही, वाफ नाही, आणि निम्मं चित्र तिथंच गेलं.

बसताना तीन गोष्टी सांभाळा. कागदावर थेट ऊन नको, डोळे दिपतात आणि आपण सगळा रंग जास्तच गडद लावतो. घरी आणल्यावर चित्र कोळशासारखं दिसतं. धुराच्या वाऱ्याखाली बसू नका. आणि उसाच्या ट्रॅक्टरची वाट सोडा, तो तुमच्यासाठी थांबणार नाही.

बघे येतील. "एवढं बसून काढण्यापरास फोटू काढायचा की ओ!" हे वाक्य पाचदा ऐकावं लागेल. हसून मान हलवा आणि पुढं चला, वाद घालाल तेवढ्यात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला हात, वाळतो. रसाचा पेला मात्र पाण्याच्या भांड्यापासून हातभर लांब ठेवा. मी एकदा रसात ब्रश बुडवला आणि तो लेमन यलोत घातला. त्या चित्रावर आठवडाभर मुंग्या.

## टप्पा ४: तीन छटांची छोटी चित्रं

हा टप्पा गाळला की पुढचे सगळे टप्पे वाया जातात, आणि तो गाळायचा मोह सगळ्यांना होतो. दोन तासांतली २० मिनिटं इथंच घालवा.

वहीत ५.५ × ७.५ सेंटिमीटरच्या तीन चौकटी आखा. पुठ्ठ्याची खिडकी एका डोळ्यासमोर धरून पुढंमागं करा. जवळ आणली की दृश्याचा जास्त भाग दिसतो, लांब नेली की कमी. प्रत्येक चौकटीत वेगळी मांडणी करा आणि फक्त तीन छटा वापरा: कोरा कागद, मधली पेन्सिल, काळीकुट्ट पेन्सिल. चौथी छटा नाही. रेषाही नाहीत, नुसते आकार.

डोळे बारीक करून बघा. पापण्या जवळजवळ मिटल्या की पत्र्याच्या रेघा, पानं, चिपाडाच्या काड्या सगळं गळून पडतं आणि तीन-चार ढेकळं उरतात. चित्र त्या ढेकळांचं असतं. माझ्या पहिल्या चौकटीत शेड बरोबर मध्यभागी आली, डावीकडं झाड, उजवीकडं झाड, लग्नाच्या कमानीसारखं. दुसरीत शेड डावीकडं सरकवली, चिपाडाचा ढीग पुढं मोठा घेतला आणि चिमणी वरच्या कडेतून बाहेर जाऊ दिली. ही चालली. तिसरीत आकाश निम्मं झालं. आकाशात त्या दिवशी सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती सोडली.

जागेवर असलेलं सगळं घ्यायलाच हवं असं नाही. शेडजवळ उभी मोटारसायकल, निळी प्लास्टिकची टाकी, विजेचा खांब यांतलं एकेक बोटानं झाकून बघा. झाकल्यावर चित्र सुधारलं तर ते काढू नका. टाकी मी ठेवतो. सगळ्या पिवळ्या-तपकिरीत तिचा निळा तुकडा छान लागतो. लोक ती हटकून गाळतात, कारण टाकी 'सुंदर' नसते. हरकत नाही, पण मग तिच्या जागी बैलजोडी घालू नका. ती तिथं नव्हती.

निवडलेल्या चौकटीत बाण काढून उजेडाची दिशा लिहा आणि सावल्यांच्या कडा पक्क्या करा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. तुमचं चित्र होईपर्यंत ३० अंश गेलेला असेल. इथून पुढं सावल्या वहीतल्या, समोरच्या नव्हेत.

तपासणी: वही जमिनीवर ठेवून उभे राहा. एवढ्या लांबून ते छोटं चित्र कळतंय? सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद जागा एकमेकांना चिकटून आहेत? नसतील तर आणखी एक चौकट करा. पाच मिनिटं जातील, जाऊ देत.

## टप्पा ५: पेन्सिल, फक्त १५ मिनिटं

पहिली रेघ डोळ्यांच्या पातळीची, म्हणजे क्षितिजाची. इथं एक चूक ठरलेली आहे. आपण स्टुलावर बसलेलो असतो, पण माणसं काढतो उभ्यानं बघितल्यासारखी. बसल्यावर डोळे साधारण पावणेचार फुटांवर येतात. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला, तो जवळ असो वा लांब, ही रेघ पोटाच्या जरा वरून कापते. डोकी सगळी रेघेच्या वर. हे एक सांभाळलं तर माणसं जमिनीवर उभी राहतात. नाही तर काही खड्ड्यात, काही हवेत.

मग मोठे आकार: शेडच्या छपराचा तिरपा चौकोन, तिचं अंधारं तोंड, चिपाडाचा ढीग, उसाची ओळ. छपराच्या पन्हाळीच्या रेघा काढू नका. सावल्यांच्या कडा मात्र फिक्या रेघेनं काढा, वहीतून बघून. पेन्सिल दाबू नका, जास्त खोडू नका; खोडलेल्या जागी कागद खरवडतो आणि रंग डागासारखा बसतो.

## टप्पा ६: पहिला वॉश, एका दमात

बोर्डामागं दोन बोटं जाडीचं काही तरी ठेवून उतार करा. रंग आधीच कालवून तयार हवेत, तीन वेगळ्या डबक्यांत:

१. आकाशाला कोबाल्ट, खूप पाण्यात. खाली क्षितिजाकडं त्यातच यलो ऑकरचा अंश आणि लाइट रेडचं नखभर बोट. थंडीत सकाळी आपल्याकडं क्षितिजाजवळ निळं नसतंच, धुरकट असतं.

२. जमिनीला यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना, पातळ.

३. उसाला लेमन यलो आणि कोबाल्ट, त्यात बर्न्ट सिएनाचा ठिपका. सॅप ग्रीन थेट ट्यूबमधून लावला की ऊस प्लास्टिकचा दिसतो. लांबचा ऊस सकाळी राखाडीकडं झुकतो, आणि तुरे आले असतील तर वरची कड चंदेरी-जांभळी. तिथं अलिझरिनचा वास लागण्यापुरता रंग पुरे.

वरून सुरुवात. आकाश खाली आणत न्या आणि उसाच्या वरच्या कडेला ते ओलं असतानाच हिरवा भिडवा. कड थोडी पसरेल, पसरू द्या; लांब गेल्यासारखी वाटते. चिमणीच्या धुराची जागा आकाश ओलं असतानाच पिळलेल्या ब्रशनं उचलून घ्या. नंतर पांढरा रंग लावून धूर होत नाही, चुना होतो.

चिपाडाच्या ढिगाच्या उन्हातल्या भागावर काहीच नाही. कोरा कागद. त्याच्या कडेनं फक्त पाण्यानं पातळ केलेल्या ऑकरचा हात. हा कोरा तुकडा म्हणजे तुमची सगळी पुंजी; त्याला हात लावायला मन फार उतावीळ होतं.

इशारा: कागदाची चकाकी गेली, पण तो अजून दमट आहे, हीच सगळ्यात घातक वेळ. तेव्हा पाणी भरलेला ब्रश टेकवला की कोबीच्या फुलासारखा डाग उठतो, आणि तो पुसता येत नाही. हात मागं घ्या. चहा प्या.

तपासणी: बोटांची मागची बाजू कागदाला हलकेच टेकवा. गार लागला तर आत ओल आहे. सुका, कोमट लागला तरच पुढं. थंडीत सकाळी १० मिनिटं सहज लागतात. एप्रिलात उलट, आकाश अर्ध्यावर असताना वाळायला लागतं, तेव्हा फवारा हाताशी हवा.

## टप्पा ७: सावल्या

सावल्या एकेक वस्तूच्या वेगळ्या रंगवू नका. शेडची, ढिगाची, जमिनीवर पडलेली अशी जोडलेली सावली एकाच ओल्या आकारात, डावीकडून उजवीकडं ओढत न्या. रंग वाटेत बदलायचा, ब्रश उचलायचा नाही.

आता अगदी जवळून एक गोष्ट बघा: चिपाडाच्या ढिगाची सावलीतली बाजू. सवयीनं आपण तिथं राखाडी लावतो. पण नीट बघितलं तर ती बाजू वर आकाशाकडं वळलेली आहे तिथं निळसर आहे, आणि खाली जमिनीलगत चक्क केशरी, कारण समोरच्या उन्हातल्या मातीचा उजेड उसळून तिच्यावर येतोय. मध्ये कुठंतरी ती सगळ्यात गडद. म्हणून वर कोबाल्टमध्ये किंचित अलिझरिन, मध्ये अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, आणि ते ओलं असतानाच खालच्या कडेला बर्न्ट सिएना-ऑकरचा गरम थेंब सोडा. त्याला पसरायला सांगू नका, तो पसरतो.

पत्र्याच्या छपराचंही तसंच. गंजका पत्रा म्हणजे लाइट रेड, हे डोक्यातलं. सकाळच्या तिरप्या उजेडात त्याचा निम्मा भाग आकाशाचा रंग घेतो आणि गंज फक्त शिवणींजवळ, खिळ्यांजवळ दिसतो. आधी आकाशाचा पातळ रंग, तो दमट असताना गंजाचे दोन-चार फटकारे. पन्हाळीच्या रेघा शेवटी, त्याही चारच, आणि सगळ्या सारख्या अंतरावर नकोत.

## टप्पा ८: अंधार आणि वाफ

शेडच्या तोंडातला अंधार एकदाच आणि पुरता गडद लावायचा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, साईसारखे घट्ट. जलरंग वाळला की फिका पडतो. ओला असताना "जरा जास्तच झालं" असं वाटलं पाहिजे. चुलवाणाच्या बाजूला सिएना वाढवा, बाहेरच्या कडेला अल्ट्रामरीन. ट्यूबमधला काळा लावलात तर तिथं भोक पडल्यासारखं दिसतं.

वाफ याच वेळी. काहिलीवरच्या वाफेची जागा कोरी सोडून भोवती गडद लावा आणि लगेच, लगेच म्हणजे पाच सेकंदांत, स्वच्छ दमट ब्रश गडदाच्या कडेवरून कोऱ्याकडं फिरवा. खालची कड जराशी तीक्ष्ण ठेवा, वरची विरघळू द्या. सगळीकडून मऊ केलीत तर वाफ न दिसता कापूस दिसतो. जमलं नाही तर वाळेपर्यंत थांबा आणि ओल्या ब्रशनं हळू चोळून टिपकागदानं उचला. कॉटन कागद हे एकदा सहन करतो, दोनदा नाही.

मग एक माणूस. डोक्याचा ठिपका, खांद्यापासून खाली निमुळता होत जाणारा आकार, पाय जवळजवळ जोडलेले. नाक-डोळे, पागोट्याच्या घड्या काही नको. तो अंधारापुढं असेल तर त्याची उन्हातली खांद्याची कड टप्पा ६ पासून कोरी ठेवलेली असायला हवी. विसरला असाल तर माणूस उजेडात उभा करा, गडद रंगानं. चिमणीची दोरी, उसाच्या दोन-तीन पात्या, विजेची तार रिगरनं, आणि तार छपराच्या मागं जाते तिथं तोडा.

## टप्पा ९: थांबणं

दोन तास झाले की ब्रश धुऊन ठेवा. समोरच्या सावल्या आता चित्रातल्यांशी जुळणार नाहीत. जुळवायला गेलात की दोन वेळांचं ऊन एका कागदावर येतं.

घरी बोर्ड भिंतीला टेकवून आठ फुटांवरून बघा, मग आरशात बघा. आरशात मांडणीतली झोल लगेच उघडी पडते: चिमणी कललेली, ढीग घसरणारा. फोटो बघून बारकावे भरू नका. फोटोत शेडमधला अंधार नुसता काळा आणि आकाश नुसतं पांढरं असतं. तुम्ही जागेवर जे रंग बघितलेत ते त्यात नाहीत. फार तर तीन दुरुस्त्या करा. कुठल्या, ते आधी कागदाच्या मागं पेन्सिलीनं लिहा, म्हणजे चौथी होत नाही.

मागंच तारीख, वेळ आणि उजेडाची दिशाही लिहा. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांनी तिथल्याच रंकाळा आणि कोटितीर्थ या तलावांचा परिसर, म्हणजे पायी जाता येईल अशा जागा, पुन्हा पुन्हा रंगवल्या. तुम्हीही पुढच्या आठवड्यात त्याच गुऱ्हाळावर संध्याकाळी पाचला जा. ऊन उलटीकडून असेल, शेडच्या तोंडात उजेड शिरलेला असेल आणि चिपाडाचा ढीग गडद झालेला असेल. टप्पा १ मधली तुमची ती वहीतली ओळ खोडून नवीन लिहावी लागेल. सही टेप काढायच्या आधी करा, एका कोपऱ्यात, बारीक. आणि टेप काढताना ती कागदापासून बाहेरच्या दिशेला, तिरपी ओढा. सरळ वर ओढलीत की कागदाची कातडी निघते.